रबराच्या शेवया

"कोणाशी बोलताय, बू?" असं चिक लॅनीनं दारातून विचारलं, तेव्हा मी गिऱ्हाइकाला पाणी देत होते. दार उघडं राहिलं ही माझी चूक. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेले आणि परत येताना ते नीट ओढून घेतलं नाही. लॅनी समोरच्या फ्लॅटमधली, चिनी घरातली म्हणून चिक; मला इथं सगळे बू, म्हणजे बाई, म्हणतात. हातात वाफाळत्या बाकपाओची, म्हणजे सारण भरलेल्या पावाची, बशी घेऊन ती उंबऱ्यात उभी होती आणि माझ्याकडे नव्हे, टेबलाकडे बघत होती. टेबलावर दोन बश्या होत्या. एकीत भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजचे चौकोनी तुकडे, म्हणजे टोफू. दुसरीत रबरबँडांचा गुंता, म्हणजे शेवया, आणि वर मनीप्लांटचं पान बारीक चिरून भुरभुरलेलं. समोर रिकामी खुर्ची. मी कमरेला फडकं खोचून, हातात रिकामा पेला धरून त्या खुर्चीला सांगत होते की, तिखट लागलं तर मला शिव्या घालायच्या नाहीत, मी आधीच विचारलं होतं. "कुणाशी नाही," मी लॅनीला म्हटलं, आणि लगेच म्हटलं, "गिऱ्हाईक आहे." दोन्हीतलं एकच उत्तर दिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. लॅनी म्हणाली, "अस्सं का! बसू द्या, बसू द्या त्यांना," आणि बशी चपलांच्या कपाटावर ठेवून पाय न वाजवता गेली. एरवी ती जिन्यावरच्या मांजरालासुद्धा दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे जात नाही. बाकपाओ मी उभ्या उभ्याच खाल्ला. खाताना माझ्या लक्षात आलं की माझे कान तापले आहेत, लहानपणी चोरून खाताना सापडल्यावर तापत तसे.

तसं पाहिलं तर लपवण्यासारखं काय होतं? मी भातुकली खेळत होते. सुराबायातल्या या अकराव्या मजल्यावर, केस पांढरे झाल्यावर, एकटी. हे कुणाला सांगायची सोय नाही एवढंच. हे गेले, त्यानंतर गल्लीतलं घर गालिहनं विकलं आणि मला इथं आणलं. मुलगा गुणी आहे, आईला लिफ्ट असलेल्या इमारतीत ठेवलं, पंख्याच्या जागी गारव्याचं यंत्र बसवलं, आणि मग बालिकपापानला आपल्या तेलाच्या कंपनीत निघून गेला. इथं खिडक्या लावल्या की रस्ता ऐकू येत नाही. गल्लीत सकाळी पालकवाली यायची. तिच्या जुडीला मी रोज नावं ठेवायची आणि ती रोज माझ्या नाकाला. एकदा तर ती म्हणाली होती, "बू, तुम्ही पोस्टात तिकिटं विकायच्या की लोकांची अब्रू?" पोस्टाच्या खिडकीत मी उभा जन्म काढला. माझं तोंड हे माझं कामाचं हत्यार होतं, आणि ते घासूनपुसून लख्ख असे. इथं भाजी फोनवर मागवायची. भाव लिहिलेला असतो, पालक न बोलता येतो आणि खाली पहारेकऱ्याकडे बसून राहतो. मी पहारेकऱ्याशी भांडायचा प्रयत्न करून पाहिला. तो "बरोबर आहे, बू" म्हणतो.

बाहेरून मागवलेल्या भाताच्या पुड्याला रबरबँड असतं. ते टाकवत नाही, माझ्या आईलाही टाकवत नसे. बरणी भरत आली होती. एका सकाळी मी ती नुसती बशीत ओतली आणि बोटांनी उगाच फिरवली, आणि हाताला काहीतरी आठवलं. मला आठवायच्या आधी हाताला आठवलं. ब्लितारजवळच्या आमच्या गावात कुंपणावर अमरवेल माजलेली असे, पिवळी, ओलसर, बोटांत घेतली की खरोखरच उकडलेल्या शेवयांसारखी लोंबणारी. ती ओरबाडून आणायची. जास्वंदीची पानं पाण्यात चुरगाळली की बुळबुळीत तेल निघायचं, ते तळणीसाठी. विटेचा चुरा म्हणजे मिरची, आणि तो डोळ्यांत गेला की मिरचीइतकाच झोंबे. केळीच्या पानाचे द्रोण नारळाच्या हिरानं टाचायचे. जत्रेतून आणलेली मातीची मुठीएवढी भांडी होती, त्यांतलं एक गळकं, तरी त्यातच रस्सा शिजायचा. आमच्या भातुकलीत नवराबायको क्वचितच असत, असायचा तो बाजार. एकीनं मांडायचं, एकीनं यायचं. मी मांडायची आणि शेजारची मुर्नी यायची.

मुर्नीसारखं नतद्रष्ट गिऱ्हाईक मी पुढं पोस्टातसुद्धा पाहिलं नाही. ती लांबून, चिंचेच्या झाडामागून यायची, कारण तिचं म्हणणं असं की गिऱ्हाईक नेहमी लांबून येतं. काखेत पोर म्हणून उशी. आल्या आल्या नाक उडवायची. "ह्या शेवया? गांडुळं उकळून ठेवलीस की काय गं? काल खाल्ल्या, पोर रात्रभर ओरडलं!" मी म्हणायची, "पोराला तुझंच दूध बाधलं असेल, माझ्या शेवयांना बोल लावू नको." मग आमची जी जुंपायची ती कधीकधी इतकी की मोठी माणसं माजघरातून बाहेर यायची. भाव ठरायचा, मोडायचा, ती उठून जायची, मी तिला हाका मारायची, ती चिंचेपर्यंत जाऊन मागे बघायची. त्या मागे बघण्यासाठीच सगळं चाललेलं असे हे मला आज कळतं, तेव्हा नुसतं काळजात धडधडायचं, की आता ही खरंच गेली तर! एका वर्षी सरकारनं जमीन देऊ केली म्हणून तिच्या बापानं बिऱ्हाड उचललं आणि सगळे सुमात्राला गेले. ट्रकमध्ये गादीच्या वळकटीवर बसून ती माझ्याकडे बघून नाक उडवत होती. नंतर तिचं काही कळलं नाही. असेल कुठंतरी, नातवंडांना छळत असेल, किंवा नसेलही.

तर त्या सकाळपासून मी मांडू लागले. आधी नुसतं मांडायची, हसायची आणि आवरून ठेवायची. मग गिऱ्हाइकाचं बोलणंही मीच बोलू लागले, जरा नाकातून. त्यात बरं वाटायचं. घसा मोकळा व्हायचा. दिवसातून पहिल्यांदा आवाज फुटलेला असायचा, कधीकधी दोन दिवसांतून पहिल्यांदा. मी खेळते आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. निदान बहुतेक वेळा. एकदाच असं झालं की मी न्हाणीतून बाहेर आले, खुर्ची रिकामी दिसली, आणि माझ्या मनात आलं की बाई न सांगताच गेली की! राग आला. चांगला खरा राग. मग मी तिथंच ओल्या पायांनी उभी राहिले. गारव्याचं यंत्र घरघरत होतं. मी स्वतःला विचारलं, वुर्यानी, कोण गेली गं? आणि उत्तर यायला जो वेळ लागला, तो मला आवडला नाही. लहानपणीही असा राग यायचा, मुर्नी न सांगता उठली की, पण तेव्हा मुर्नी तरी होती. यातला फरक कुणाला समजावून सांगायचा झाला तर मला सांगता येईल का, याचा मी पुष्कळ विचार केला. फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी मांडलं नाही. तिसऱ्या दिवशी मांडलं.

लॅनीच्या बाकपाओनंतर दोनच दिवसांत गालिहचा फोन आला, चेहरा दिसणारा. एरवी तो रविवारी करतो. "इबू, जेवलात का?" मग जरा इकडचंतिकडचं, मग अगदी सहज, "आज वार कोणता हो, इबू? कामात माझा सगळा गोंधळ झालाय."

"ऑफिसात बसून तुला वार कळत नाही? शुक्रवार. जावानी पंचांगानं लेगी. पुढं विचार, देशाचे अध्यक्ष कोण ते."

"तसं नाही हो, इबू..."

"गॅस बंद आहे. किल्ली खिळ्याला आहे. तुझं नाव गालिह आणि तुला लहानपणी कोंबड्यांची भीती वाटायची. अजून काही?"

तो हसला, पण जरा उशिरानं. त्याच्या मागे लारास, त्याची बायको, पडद्याच्या कडेला उभी होती आणि मला दिसत नाही असं समजून हातानं त्याला काहीतरी सुचवत होती. मग तो म्हणाला की लारासची आई एका लग्नासाठी मालांगहून सुराबायाला येते आहे, माझ्याकडे डोकावेल म्हणाली. आणि शेवटी म्हणाला की बालिकपापानच्या घरातली बागेकडची खोली रंगवून घेतली आहे, तुम्ही कधीही या. खोलीचं त्यानं त्याआधीही सांगितलं होतं, आणि त्याच फोनवर पुन्हा एकदा सांगितलं. कुणी काही बोललं नाही आणि मला सगळं कळलं. आमच्यात सरळ तोंडावर बोलणं म्हणजे पाहुण्याच्या अंगावर पाणी फेकणं. विहीणबाई येऊन बघणार, मी ठीक आहे म्हणाल्या तर ठीक. नाही म्हणाल्या तर हा फ्लॅट भाड्यानं जाणार आणि मी बागेकडच्या खोलीत, पगारी बाईच्या नजरेखाली. त्या घरात माणसं असतील, मान्य आहे. पण ती मला बघायला असतील. मला हे घर आवडत होतं असंही नाही, पण इथं दार लावलं की मी कोण आहे ते मीच ठरवत होते.

विहीणबाई, बू सुप्राप्ती, म्हणजे गोड माणूस. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, मला लाडानं जेंग, म्हणजे धाकटी बहीण, म्हणत. अंबाडा इतका नीट की वाऱ्यानं आधी परवानगी मागावी. मी रबराची बरणी तांदळाच्या डब्यात खोल पुरली, स्पंज मोरीत टाकला, मनीप्लांटच्या कुरतडलेल्या पानांचं तोंड भिंतीकडे केलं. सकाळपासून रावोन, म्हणजे मांसाचा रस्सा, शिजवला, काळाभोर, घरभर वास सुटला. त्या आल्या त्या मालांगच्या सफरचंदांची पिशवी घेऊन. "अगंबाई, जेंग वुर, किती बारीक झालात!" म्हणजे जाड झाले असणार. मग परीक्षा सुरू झाली. पाणी घेते म्हणून त्यांनी स्वतः फ्रिज उघडला. हात धुते म्हणून गॅसची कळ बघितली. रावोन फार छान झालाय म्हणून तो कसा करायचा ते मला क्रमानं सांगायला लावलं. मी सांगितलं, वर काळ्या बियांचा गर किती वेळ भिजवायचा तेही सांगितलं, आणि त्यांच्या लेकीचा रावोन पाणचट असतो हेही सांगून टाकलं. त्या खळखळून हसल्या. मी पोस्टात हिशेबनीसाची परीक्षा दिली होती तेव्हासुद्धा मला इतकी मजा आली नव्हती. त्यांना वाटत होतं मला काही कळत नाहीये, आणि मी पैकीच्या पैकी घेत होते.

जेवणं झाली आणि माझा ताण उतरला. त्यांचाही उतरला असावा. सफरचंदं कापत बसलो. त्या अचानक म्हणाल्या, "खरं सांगू का जेंग, मी रेडिओ लावून झोपते. बातम्या नाही हो ऐकत. कुणीतरी घरात बोलत असावं म्हणून." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सफरचंदाच्या सालीकडे पाहिलं. मला त्या एकदम आवडल्या. इतकी वर्षं आम्ही विहिणी, लग्नाबारशाला एकमेकींच्या कपड्यांचं कौतुक केलेलं, आणि आज पहिल्यांदा मला त्यांच्यातली कोणीतरी दिसली. मग त्या म्हणाल्या, "लॅनीबाई म्हणत होत्या, तुम्ही काहीतरी खेळता म्हणे. मजा वाटली मला. दाखवा ना." आवाज गोड, डोळ्यांत हसू. अशा वेळी काय म्हणायचं ते आमच्या कुळातल्या पोरीला पाळण्यात शिकवतात. छे हो, काहीतरीच, असं म्हणायचं, पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणायचं, आणि चहा ठेवायला उठायचं. "दाखवा" याचा अर्थ दाखवा असा नसतो हे मला त्यांच्याइतकंच कळतं. पण मुर्नी गेल्यापासून मला कुणी "खेळायला येऊ का" असं विचारलं नव्हतं. मी उठले, ते तांदळाच्या डब्याकडे गेले. त्यात हात कोपरापर्यंत घातला आणि बरणी बाहेर काढली.

टेबल पुसलं. फडकं कमरेला खोचलं. पान चिरलं. स्पंज ओला होता, म्हणून म्हटलं आज टोफू संपला. "या, या, बसा. आज शेवयाच आहेत फक्त."

"द्या की शेवया," बू सुप्राप्ती म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत खरं माणूस बसलं! बसताना खुर्ची करकरली. माझ्या कल्पनेतलं गिऱ्हाईक कधी करकरलं नव्हतं.

"तिखट किती?"

"थोडंसंच हं. माझं पोट नाजूक आहे."

मला नाचावंसं वाटलं. पोट नाजूक! हे मला सुचलंही नसतं. मी वाटीत शेवया वाढल्या, पान भुरभुरलं, चमचा ठेवला. त्यांनी चमचा तोंडाजवळ नेला, ओठ हलवले, गिळल्यासारखं केलं. "वा. फार छान झाल्यात."

मी वाट पाहिली. "मीठ जास्त पडलंय," मी म्हटलं.

"नाही हो, अगदी बेताचं आहे."

"कालच्या आहेत, शिळ्या."

"तरी छान लागतायत."

माझी एक थोरली काकू होती. ती अंगणातून जाताना आमच्या बाजाराशी थांबायची, द्रोण तोंडाला लावायची आणि मान दुसरीकडे वळवून म्हणायची, छान हं, छान. ती गेली की मुर्नी आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि आमचा खेळ तिथंच मोडायचा, का ते आम्हाला सांगता येत नसे. याउलट माझ्या आईनं एकदा घोट घेतल्यासारखं करून थू थू केलं होतं. "काय गं हे, मीठ ओतलंस की समुद्र? भांडं घासून आण, नाहीतर तुझं दुकान बंद करते!" आम्ही दोघी किंचाळत, हसत विहिरीकडे पळालो होतो. आई त्या दिवशी खेळली होती. काकू आयुष्यात कधी खेळली नाही. मी बू सुप्राप्तींच्या अंबाड्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नावं ठेवा हो. एकदा तरी ठेवा. मी तुम्हाला फसवलंय, लुबाडलंय, उठा, निघून जा, दारापर्यंत जाऊन मागे बघा.

"माशी आहे त्यात," मी म्हटलं.

त्या थांबल्या. वाकून त्यांनी वाटीत पाहिलं. मग चमच्याच्या टोकानं, फार जपून, काहीतरी उचललं आणि बशीच्या कडेला ठेवलं. मला वाटलं, आता! आता म्हणतील, लाज नाही वाटत का तुम्हाला, ह्याचे पैसे घेता? माझं उत्तर तयार होतं, ओठावर होतं. त्यांनी मान वर केली, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "काढली हं," त्या म्हणाल्या. "गेली माशी. आता काही काळजी नाही."

खेळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. मी फडकं सोडलं आणि त्यांच्या समोर बसले. त्यांनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला, सुरकुत्यांवरून अंगठा फिरवला. त्यांचा हात ऊबदार होता. कुणी माझा हात धरून किती दिवस झाले होते, आणि तो असा धरला जावा! त्या बालिकपापानच्या खोलीविषयी बोलू लागल्या. खिडकीतून बाग दिसते, लारास फार जीव लावील, आणि तिथं खेळायलाही कुणी काही म्हणणार नाही. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, पोस्टाच्या खिडकीत जुळवायची तशी, थोडक्यात आणि मुद्द्याचं.

"बू," मी म्हटलं, "हा खेळ आहे. मला माहीत आहे. ह्या शेवया नाहीत, ही रबरं आहेत, भाताच्या पुड्यांवरची."

"हो ना," त्या म्हणाल्या. "रबरंच आहेत."

मीठ बेताचं आहे म्हणाल्या होत्या, त्याच आवाजात. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांना माझं भलंच करायचं होतं, आणि आता मी काहीही म्हटलं असतं तरी ते त्यांना पटणार होतं. रावोन आंबट होता म्हटलं तरी, हे जिवंत आहेत म्हटलं तरी. रात्री फोनवर त्या गालिहला सांगतील, आणि उद्या गालिहही असाच बोलेल, मग लारास, मग ती पगारी बाई.

"भांडा ना माझ्याशी," मी म्हटलं. "जरा भांडा, बू. एकदाच."

"अहो, भांडायचं कशाला?" त्या हसल्या, डोळे पुसले, आणि उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. "इतकी वर्षं झाली जेंग, आपलं कधी भांडण झालंय का?" आणि आमच्या मधली वाटी त्यांनी हळूच उचलून, माझा हात पोचणार नाही अशी, आपल्याकडे घेतली.